मारोतराव रेग्युलर

१६ एप्रिल २००७, ढाणकी

ही डायरी एका खत कंपनीची, २००५ सालची. त्यामुळे पानावर छापलेले वार चुकीचे आहेत. आज सोमवार आणि वर शनिवार छापलाय. म्हणजे सुट्टी धरायला हरकत नाही.

निघालो होतो नांदेडला, आतेभावाकडे मोबाइल रिपेअरिंग शिकायला. बाबा म्हणाले, आधीचे तीन कोर्स अर्धे सोडलेस, हा तरी पुरा कर. बाबा यवतमाळला कचेरीत बडे बाबू आहेत. अर्धं काही त्यांना चालत नाही, अर्धा चहासुद्धा. उमरखेडला बस बदलायची होती, पण खिडकीत डोळा लागला आणि उठलो तर ढाणकी. उतरून लघवीला गेलो. परत येताना स्टँडसमोरच्या हॉटेलच्या भिंतीवर एक काळा फळा दिसला. तो वाचत उभा राहिलो तर परतीची बसही गेली.

फळ्यावर बाजारभाव होते. चना काय भावानं गेला याच्याशी मला काय करायचं? पण अक्षर! खडूनं लिहिलेलं, आणि असं की कोणी दारात उभं राहून बोलतंय. 'क'चा दांडा खाली येऊन किंचित थबकतो, घरात शिरताना आपण चप्पल काढायला थबकतो तसा. 'ल' मांडी घालून बसलेला. शिरोरेघ चालता चालता वर चढत गेलेली. सगळ्यात खाली एक ओळ: 'टीप: आभाळ येणार आहे. चना झाकून आणा.' वर एक ढग नव्हता, तरी लोक ट्रॅक्टरवर ताडपत्री बांधून राह्यलेले. संध्याकाळी खरंच चार थेंब पडले.

पाणी मागायला शेजारच्या दुकानात शिरलो: आकार कॉम्प्युटर, लग्नपत्रिका, बायोडाटा, फ्लेक्स. मालक धर्मपालदादा अडकलेल्या कॉम्प्युटरसमोर कपाळाला हात लावून बसलेले. माझ्या तीन अर्ध्या कोर्सांतला एक डीटीपीचा होता. मी दोन बटणं दाबली, तो सुरू झाला. दादा म्हणाले, "लगनसराई आहे बे, चार दिस थांब ना. दुकानातच झोप."

चार दिवस थांबतो. मग निघतो.

१९ एप्रिल

फळा लिहिणाऱ्या माणसाचं नाव मारोतराव. शेती आहे त्यांची, पोट भरण्यापुरती बरी. हा फळा कोणी त्यांना लिहायला सांगितलेला नाही. रोज सकाळी बाबारावच्या हॉटेलातल्या फोनवरून उमरखेड, पुसद, हिंगोली असे बाजार विचारतात आणि लिहितात. बाबाराव म्हणजे हॉटेलवाला. तो म्हणतो, "पेपर चुकन, रेडिओ चुकन, मारोतरावची टीप चुकत नाही." एका माणसाला विचारलं, तुरी कधी विकणार? तो म्हणाला, फळ्यावर येईन तवा.

मी रोज तिथं उभा राहतो. आज हवेत बोटानं 'ळ' काढून पाहत होतो, बहुतेक ओठही हलत असावेत. मागून आवाज आला.

"काहून रे पोट्ट्या, तीन दिवसांपासून पाहून राह्यलो. वाचता येत नाही काय तुले?"

मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. मान अशी हलवली की कोणताही अर्थ निघावा. त्यांनी त्यांचा काढला.

"लाजू नको. माह्या बापालेही येत नव्हतं. शाळा?"

"सोडली, काका." हे खरं आहे. कॉलेज सोडलं, पण कॉलेजसुद्धा एक प्रकारची शाळाच.

"नाव काय?"

"अनिमेष."

"अनमेस. असं नाव ठेवल्यावर पोरगं लिहायले भिऊनच जाईन ना!" खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्यापासून मी शिकवतो."

मी नको म्हणणार होतो. पण तेवढ्यात समोरून एक बकरी कोणाची तरी लग्नपत्रिका खात चालली होती, तिच्याकडे लक्ष गेलं. पत्रिका आमच्याच दुकानातली निघाली. मग राहूनच गेलं.

२२ एप्रिल

धर्मपालदादांचं दुखणं वेगळं. "पत्रिकेत ती एक ओळ असते ना, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' ती लेकराची ओळ, अन् अक्षर पाहा! कोर्टाचं समन्स आल्यासारखं. हाताचं वाटन असा फॉन्ट मराठीत भेटतच नाही."

माझ्या डोक्यात ट्यूबलाइट लागली. (बाहेर लागत नाही, भारनियमन आहे.)

मारोतकाकांनी आज दुरेघी कागदावर अख्खी बाराखडी काळ्या पेनानं लिहून आणली. "गिरव." मी ती स्कॅनरवर ठेवली. दादांकडे एक सीडी सापडली, वर 'भक्तिगीते' लिहिलेलं, आत फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर. देव पावला म्हणायचं ते हेच.

काकांना सांगायचं का? सांगितलं तर कदाचित नको म्हणतील. उद्या सांगतो.

२६ एप्रिल

फजिती. काकांची मुलगी प्रेरणा आमच्या दुकानात टायपिंगच्या सरावाला येते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आली तेव्हा मी भराभर एक बायोडाटा टाइप करत होतो. तोंडानं वाचतही होतो.

ती म्हणाली, "तुम्हीच ते काय, ज्याईले 'अ' येत नाही?"

मी हात जोडले. "तुमच्या बाबांना सांगू नका."

"मी कायले सांगू?" असं म्हणून ती शांतपणे आपलं टाइप करत बसली. भली मुलगी आहे. पोटात ठेवणारी.

दुपारी हॉटेलात पेपर वाचत होतो, एका बातमीला हसू आलं. वर पाहिलं तर समोर काका. पटकन म्हटलं, "चित्र पाहतोय."

"पाय, पाय," काका म्हणाले. "चित्र तं मांगच्या पानावर आहे."

वाचलो थोडक्यात.

२९ एप्रिल

आता काका अक्षरं नाही, वाक्यं देतात गिरवायला. आजच्या कागदावर: 'मी खाल्लेल्या भज्यांचे पैसे देईन.' 'मला सर्व काही येते असे मला वाटते.' 'माझी आई माझी वाट पाहत असेल.' कसली विचित्र वाक्यं शोधून आणतात! पण 'ल्ल', 'ज्य', 'र्व' सगळी जोडाक्षरं मिळाली, फुकटात. फक्त 'ज्ञ' नाही. मी म्हटलं, काका, तो एक राहिला. ते म्हणाले, "तो शेवटी. तो असा पहिल्याच महिन्यात येत नाही."

मजा म्हणजे रोज रात्री कागद तपासायला नेतात, म्हणून मला खरंच गिरवावं लागतं.

आईचा फोन आला. नांदेडला पोचलास ना? म्हटलं, जवळच आहे. नकाशात पाहिलं तर तसं जवळच आहे.

४ मे

फॉन्ट तयार! नाव काय द्यावं यावर दादा आणि मी दुपारभर घाम गाळला. शेवटी दिलं, मारोतराव. मेनूत आता दिसतं: मारोतराव रेग्युलर. मी हौसेनं मारोतराव बोल्डही केला, तो जेवून उठल्यासारखा दिसतो. मारोतराव इटालिक दुपारी खुर्चीत वाकला आहे.

दादांना आधी वाटलं काकांनीच परवानगी दिली. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "अक्षर म्हणजे माणसाचा अंगठाच असतो बे. ईचारून घे."

घेतो. उद्या.

११ मे

पहिलं गिऱ्हाईक काकांच्याच नात्यातलं, फुलसावंगीच्या भाचीचं लग्न. 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' मारोतराव रेग्युलरमध्ये छापलं आणि काय सांगू, ती ओळ पत्रिकेतून उडी मारून अंगावर आली. फक्त 'ज्ञानेश्वर' नावात 'ज्ञ' दुसऱ्या फॉन्टचा घ्यावा लागला. लेंग्याच्या घोळक्यात तो एकटा सूट घालून उभा राहिला.

काकांनी पत्रिका हातात घेतली. बराच वेळ पाहिली. "अक्षर ओळखीचं वाटते."

"आजकाल असेच फॉन्ट येतात, काका."

"असं काय," म्हणाले आणि पत्रिका खिशात जपून ठेवली. ओळखलं नाही.

१५ मे

गावात आता जिथं तिथं मारोतराव. सलूनमध्ये 'मान वाकडी करू नये'. गिरणीवर 'ओले गहू आणू नका, ताई'. किराणा दुकानात आधी छापील पाटी होती, 'उधार बंद', तिच्याखाली उभं राहून लोक उधार मागायचे. आता मारोतरावमध्ये लावलं, 'आज उधार नको ना भाऊ' आणि लोक वरमून परत जातात म्हणे. या पाट्या काकाच लिहून देतात, अशी गावाची समजूत.

दादा सांगतात कुठं वापरायचा आणि कुठं नाही. बारसं, वाढदिवस, चहाचं दुकान: चालते. तेरवीचं कार्ड: बिलकुल नाही, मेलेला माणूस घरचाच असला तरी कार्ड दूरच्या आवाजातच बोललं पाहिजे. मी विचारलं, असं काहून? ते म्हणाले, "छापलेलं लोक वाचतात. हातानं लिहिलेलं ऐकतात."

आणखी एक. मला वाचता येत नाही ही बातमी अख्ख्या ढाणकीत पोचली आहे. लोक येऊन बायोडाटाचा मजकूर मोठ्यानं, सावकाश वाचून दाखवतात आणि मी बटणं दाबतो. त्यांची समजूत अशी की कॉम्प्युटर ऐकून लिहितो. एका आजोबांनी तर मॉनिटरच्या कानाजवळ वाकून सांगितलं.

१९ मे

दादा फ्लेक्स आणायला नांदेडला गेलेले, लगनसराईची वसुली करत पंधरा दिवसांनी येणार. काका सगळ्या घराला घेऊन फुलसावंगीला लग्नात. आणि दुकानात आला मंदार. बियाण्याचा प्रतिनिधी, यवतमाळचा, म्हणजे माझ्याच गावचा. गॉगल, खिशाला तीन पेनं. कार्डावर कंपनीचं नाव इतकं बारीक की वाचताच आलं नाही.

"तो सलूनमधला बोर्ड तू केला? डिझायनर आहेस यार तू!"

डिझायनर. मला आजवर कोणी काहीच म्हटलं नव्हतं, जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आम्ही यवतमाळच्या शेवभाजीवर बराच वेळ बोललो. मग त्यानं मजकूर दिला: 'माझं ऐका. यंदा लखलाभ-११ लावा. शास्त्रज्ञांनी तयार केलं. मी पाहिलं.' म्हणाला, त्याच अक्षरात. खाली सही-बिही नको.

'माझं' म्हणजे कोणाचं, असं एकदा मनात आलं. पण तेव्हाच लाइट आली, आणि ती किती वेळ राहील सांगता येत नाही, म्हणून आधी प्रिंट काढल्या.

२१ मे

पोस्टर सगळीकडे. एक तर बाबारावच्या भिंतीवर, फळ्याला खेटून. दिसतं कसं, तर मारोतकाकांनीच फळा सोडून भिंतीवर टीप लिहिल्यासारखं.

हॉटेलात एक जण म्हणाला, "मारोतरावनं सांगून राह्यलं, मंग कायचं पाहायचं?" दुसरा म्हणाला, मी नाव लिहून आलो. मंदारनं समोरच खुर्ची टाकली आहे, मृग लागायच्या आधी पिशव्या देणार म्हणतो. रांग आहे. गेल्या दोन हंगामांत बियाण्यानं इतक्यांदा दगा दिला की लोक कोणाचाच शब्द घेत नव्हते. आता घेतायत. काकांचा.

बाबारावला म्हटलं, हे काकांनी लिहिलेलं नाही.

"तुले काय समजते बे?" तो प्रेमानं म्हणाला. "तुले वाचता येते का?"

भजी तशीच ठेवून उठलो.

२४ मे

काका परतले. स्टँडवर उतरल्या उतरल्या लोकांनी विचारलं, मारोतराव, किती पिशव्या घेऊ? त्यांना कळेना. मग भिंतीसमोर आले. पोस्टर पाहत राहिले. बोट एकाच ठिकाणी टेकवलं, 'शास्त्रज्ञ'मधल्या सूट घातलेल्या 'ज्ञ'वर, आणि किंचित हसल्यासारखं वाटलं. उन्हानं तोंड वाकडं झालं असेल.

"मी लिहिलं नाही हे," ते म्हणाले.

बाबाराव म्हणाला, "तुमचंच तं अक्षर आहे!"

"अक्षर माहं आहे. लिहिलं मी नाही."

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. असं वाक्य ढाणकीत पहिल्यांदाच कोणी बोललं असेल.

मंदारकडून त्यांनी नमुन्याची एक पिशवी घेतली आणि घरी गेले. जाताना मला म्हणाले, "गिरवलं काय?" एवढंच.

२९ मे

काकांनी ते बियाणं ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं होतं. आज उघडलं. निम्मंसुद्धा उगवलं नाही, बाकीचं कुजून वास मारत होतं. फळ्यावर लिहिलं, 'टीप: लखलाभ-११ घेऊ नका. उगवत नाही.'

आता भिंतीवर शेजारी शेजारी, एकाच हाताच्या दोन टिपा. घ्या आणि घेऊ नका.

लोकांनी दोन्ही वाचल्या आणि बाबाराव मोठ्यानं म्हणाला, "मारोतराव, तुमचं तुमच्याशीच पटत नाही, आम्ही कोणाचं ऐकावं?" हशा. मग मंदार, तोही हसत हसतच, "कमिशन पाहिजे होतं त्यांना. मी नाही म्हटलं. आता उलटले."

हशा थांबला. कोणी 'छे' म्हटलं नाही. काकांनी खडू खिशात टाकला, हात झटकले आणि गेले. पंधरा वर्षं लिहितायत फळा. ते गेल्यावर लोकांनी पटकन दुसरा विषय काढला.

मी पिशवी भरली. सहाची नांदेड बस होती.

स्टँडवर प्रेरणा उभी. सायकल आडवी लावून. "कुठं?"

"नांदेडला."

"बाबा सकाळपासून जेवले नाहीत. तुमचं ते पोस्टर, ते पुसता येत नाही काय?"

'तुमचं' म्हणाली. तिला कसं कळलं कोणास ठाऊक. बस आली, दार उघडलं, कंडक्टर ओरडला, गेली. या गावातून हुकलेली माझी ही दुसरी बस.

३१ मे

पोस्टर फाडून उपयोग नाही, फाडलं तर लोक म्हणतील काकांनी फाडलं. मी आणि प्रेरणानं वेगळीच युक्ती काढली. म्हणजे काढली तिनं, मी हो म्हटलं. ती म्हणाली, एकच खोटं असलं तर खरं वाटते. शंभर करा.

आज भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, सगळीकडे मारोतराव रेग्युलर चिकटवला. मजकूर तिचे, हात माझा.

बाबारावच्या दारावर: 'आजपासून चहा फुकट. बाबारावले ईचारू नका, तो लाजते.'

स्टँडवर: 'उद्यापासून सर्वांनी सदरा उलटा घालावा. कापसाले भाव येतो. मी पाहिलं.'

सलूनवर: 'मी माझी मिशी काढत आहे. पाहायला या. मारोतराव.'

विहिरीवर: 'या विहिरीचं पाणी प्यायल्यास इंग्रजी येते.'

आणि मंदारच्या खुर्चीमागे, बोल्डमध्ये: 'माझं ऐका. याचं ऐकू नका.'

पोट दुखेस्तोवर हसलो. तिनं मला 'अरे' म्हटलं, बहुतेक चुकून.

१ जून

बाबारावच्या हॉटेलावर सकाळपासून ही गर्दी. फुकट चहा मागतात. तो ओरडतो, "मारोतरावनं लिहिलं तं मारोतरावच्या घरी जाऊन प्या!" सलूनसमोर मिशी पाहायला माणसं जमली. दोघं जण खरोखर उलटा सदरा घालून आले, गमतीनं म्हणतात, पण एकाची बटणंही आतून लावलेली होती.

मग एक म्हातारा सगळी पोस्टरं एकामागून एक पाहत आला आणि म्हणाला, "सगळ्या 'क'ले एकाच जागी एकच शेपूट आहे. माणसाचा हात असा सारखा चालते कधी?" झालं. अख्खं गाव 'क' तपासत फिरलं. कोणीतरी मारोतरावचं अक्षर मशीनमध्ये घातलं, हे ठरलं. कोणी, तर मंदारनं. यवतमाळचा माणूस, त्याच्याकडे असणारच मशीन. मंदार माझ्याकडे पाहत होता. मी चित्र पाहत होतो.

जिंकलो!

३ जून

जिंकलो नाही.

काकांनी पुन्हा टीप लिहिली, 'लखलाभ-११ घेऊ नका.' लोक जवळ आले, वाचलं आणि हसले. "हे कोणतं? मिशीवालं का चहावालं?" ज्यांनी नाव लिहिलं ते मंदारकडे चकरा मारतातच, कारण दुसरं बियाणं आणायला उमरखेडला जावं लागतं आणि फळा आता गंमत झाला आहे. मी खोटं मारलं आणि त्याच्याबरोबर खरंही मेलं.

दादा परत आले, सगळं ऐकलं. रागावतील वाटलं. फक्त म्हणाले, "ईचारून घे म्हटलं होतं ना बे."

मंदार सात तारखेला पिशव्या वाटणार. आकाशात पहिल्यांदाच खरे ढग आहेत.

संध्याकाळी काकांच्या घरी गेलो, सांगून टाकायला. तर प्रेरणाच्या आईनं, लीलाकाकूंनी, ताट वाढलं, मग वासरू सुटलं, ते धरायला धावलो, मग काका म्हणाले, "कागद आणला काय?" कागद दिला. त्यांनी माझं गिरवलेलं दिव्याजवळ नेऊन पाहिलं. "सुधारलं. आता तुह्या हाताले तुहं वळण येऊन राह्यलं."

"काका, मी..."

"सात तारखेले सकाळी फळ्यापाशी ये," ते म्हणाले. "लवकर."

७ जून

लिहूनच काढतो, हात अजून खडूनं पांढरा आहे.

सकाळी हॉटेलसमोर सगळं गाव. इकडे मंदार पिशव्यांचा ढीग लावून. काका फळ्यापाशी आले, हातात तो ओल्या पोत्याचा तुकडा. त्यांनी फळा पुसला, स्वच्छ, ओल्या फडक्यानं. आणि खडू माझ्यापुढे धरला.

"माह्या हाताचं कोणी मानत नाही आता. बरोबर आहे, तो हात मशीनमधी गेला. हे पोट्टं दीड महिन्यापासून शिकून राह्यलं. सगळ्याईनं पाह्यलं. याले लिहिता येते, पण याचं अक्षर अजून कोणी छापलं नाही. हे लिहीन. तुमच्या डोळ्यांसमोर."

लोक म्हणाले, "लिही, लिही रे!" बाबाराव म्हणाला, "घाबरू नको, चुकलं तं चुकलं."

मंदार उठून उभा राहिला. "अरे, हा? हाच तर तो! यानंच पोस्टर केलं माझं! कॉम्प्युटरवर! हा डिझायनर आहे!"

मग बाबाराव असा हसला की त्याच्या हातातला झारा तेलात पडला. "हा? याले 'ग' गिरवता येत नव्हता, अन् हा डिझायनर! मी पेपर देतो तं चित्रं पाहते बिचारा!" ते आजोबा म्हणाले, "मी सोता त्या डब्ब्याच्या कानात सांगतलं मजकूर. पोरगं नुसतं बसलं होतं." गाव हसून लोळायचं बाकी. मंदार एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिला. तो पहिल्यांदाच खरं बोलत होता.

मी काकांकडे पाहिलं. वाटलं, आता बोलावं. सांगावं, हा खरं बोलतोय. तोंड उघडलं.

"लिही," काका हळूच म्हणाले. "बोलशीन मंग. आधी लिही."

खडूनं मी कधी लिहिलं नव्हतं. फळ्यावर खडू टेकवला, तर तो कर्रकन घसरला. 'टी' काढायला इतका वेळ लागला की मागून एक बाई म्हणाली, "शाब्बास." 'टीप: लखलाभ घेऊ नका. ओल्या पोत्यात घालून पाहिलं. उगवत नाही.' शिरोरेघ सरळ राहीना, 'क' कुठं लंगडा, कुठं फुगलेला, दोन सारखे नाहीत. बाबारावनं मोठ्यानं वाचलं. काकांनी पोतं उघडून कट्ट्यावर पसरलं. वास सगळ्यांपर्यंत गेला.

कोणीतरी म्हणालं, "नवं नवं लिहायले शिकलेलं लेकरू. याले खोटं लिहिता येईन काय अजून?"

रांग मोडली. आधी एक, मग सगळे. बारा वाजेपर्यंत मंदार पिशव्या परत टेम्पोत भरून राहिला होता. जाताना माझ्याजवळ थांबला, गॉगल काढला. "फॉन्ट विकतोस का?" शिव्या देईल असं वाटलं होतं.

८ जून

काल संध्याकाळी सगळं सांगितलं काकांना, अंगणात. बाराखडी, स्कॅनर, सीडी, पत्रिका, सगळं. ते तंबाखू मळत ऐकत होते. प्रेरणा दारात तांदूळ निवडत होती, मान खाली घालून. ती हसत होती की काय, अंधारामुळे कळलं नाही.

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. पत्रिका खिशात होती, फुलसावंगीले जाताना बसमधी आला, लय आला." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "पण त्याच्याआधी इतक्या वर्षांत कोणी माह्या 'ळ'पाशी उभं राहून हवेत बोट फिरवलं नव्हतं."

कॉम्प्युटरमधून मारोतराव काढून टाकला. रेग्युलर, बोल्ड, इटालिक, तिघंही. दादांनी 'भक्तिगीते' सीडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. सलूनची पाटी मात्र न्हावी काढू देत नाही.

काका म्हणाले, फळा आता काही दिवस मीच लिहायचा. गावाचा विश्वास बसला आहे, तो लगेच हलवायचा नाही. म्हटलं, मला नांदेडला जायचंय. ते म्हणाले, जाय ना, फळा लिहून जाय. फळा रोज सकाळी लिहायचा असतो.

आईला फोन केला. ती म्हणाली, कोर्स कसा चाललाय? म्हटलं, चाललाय, हा पुरा करतोय.

९ जून

पाऊस. भाव लिहिले, टीप लिहिली. बाबाराव म्हणतो अक्षर सुधारतंय, पण जास्त सुधारू नको, लोकांना शंका येईल.

काकांनी आज एक घडी घातलेला कागद दिला. उघडला, तर दुरेघीवर एकच अक्षर, पानभर, निरनिराळ्या वळणांचं. 'ज्ञ'. एकही दुसऱ्यासारखा नाही. खाली बारीक अक्षरात: 'आता पूर्ण झाले.'

फार देखणा आहे. पहिल्या ओळीतला तिसरा तर असा, की पाय दुमडून गप्पा मारत बसलाय. स्कॅनर बाजूलाच आहे. लाइट सहाला येते. तोवर गिरवून पाहतो.